एक इंजिन गेल्यावर ऑटोपायलट काय करतो?

(गणेशोत्सव २०२५ मध्ये मंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीच्या आधी अर्धा तास आम्हाला दिलेला आहे. तेवढ्यात विषय संपवू. नैवेद्य थंड होऊ देणार नाही.

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो एका शाळकरी मुलाने दिला. जून महिन्यात अहमदाबादला विमान पडले. त्यानंतर पंधरा दिवस घराघरांत दुसरे बोलणे नव्हते. त्याच दिवसांत एका संध्याकाळी आम्ही पारावर बसलो होतो. वरून बीदरच्या हवाई दलाच्या तळाची विमाने नेहमीसारखी घोंघावत गेली. त्यांच्याकडे बघत त्या मुलाने विचारले, "काका, इंजिन बंद पडलं तर ऑटोपायलट विमान खाली आणतो ना?"

आम्ही तोंडातल्या तोंडात "हो, आणत असेल" म्हणालो आणि वेळ मारून नेली. रात्री झोप लागेना. कारण त्या मुलाची मोठी बहीण नोकरीसाठी बाहेरगावी असते आणि सणाला विमानाने येते-जाते. त्याचा प्रश्न विज्ञानाचा नव्हता, काळजीचा होता. काळजीच्या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये. म्हणून पुढचे दोन महिने आम्ही जमेल तसे वाचन केले आणि आज त्याला, तुम्हा सर्वांच्या साक्षीने, खरे उत्तर देत आहोत.

एक कबुली आधीच देतो. आम्ही वैमानिक नाही. सरकारी नोकर आहोत आणि शिक्षण म्हणाल तर विजेचा डिप्लोमा. पण मोटार, स्टार्टर, रिले यांच्याशी रोजचा संबंध आहे. ऑटोपायलटची गोष्ट वाचताना आम्हाला सारखी आपल्या शेतातली मोटार आठवत होती. ती का, ते पुढे सांगतो.

ऑटोपायलट म्हणजे काय, हे आधी पाहू. पुष्कळांना वाटते की तो म्हणजे विमानातला एक हुशार माणूस आहे, फक्त दिसत नाही. तसे नाही. ऑटोपायलट हा हुकमाचा ताबेदार आहे. "ही उंची धर, ही दिशा धर, हा वेग धर" असे वैमानिक त्याला सांगतो आणि तो ते धरून बसतो. का धरायचे, कुठवर धरायचे, धरणे शहाणपणाचे आहे की नाही, हा विचार तो करीत नाही.

त्याची सुरुवात भोवऱ्यापासून झाली. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही, हे पुढे बसलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्याच तत्त्वावर अमेरिकेच्या स्पेरी बापलेकांनी विमानाचा तोल धरणारे यंत्र बनवले. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर त्याचे प्रात्यक्षिक झाले. मुलगा लॉरेन्स स्पेरी तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. त्याने उडत्या विमानात दोन्ही हात वर केले. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याचा मेकॅनिक आपल्या जागेवरून उठून चक्क पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचे वजन पडले म्हणजे विमान तिकडे कलायला हवे. ते कलले नाही. यंत्राने पंखांची पाती आपोआप वळवून तोल सांभाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या प्रसंगातली एक बाब लक्षात ठेवा, कारण आजचे सगळे बोलणे तिच्याभोवती आहे. तोल बिघडला होता, पण बघणाऱ्याला तो बिघडलेला दिसला नाही. यंत्राने बिघाड भरून काढला आणि भरून काढता काढता तो झाकलाही.

आता इंजिन बंद पडल्यावर काय होते ते बघू. नुकताच पोळा झाला आहे, तेव्हा बैलांचेच उदाहरण घेतो. तुमची देवणी जोडी गाडीला जुंपलेली आहे आणि भर रस्त्यात उजवा बैल थांबला. डावा ओढतोच आहे. गाडी कुठे वळेल? उजवीकडे. दोन इंजिनांच्या विमानाचे तेच होते. उजवे इंजिन गेले की डावे ढकलत राहते आणि विमानाचे नाक उजवीकडे वळू लागते. नाक वळले की डावा पंख हवेतून जास्त वेगाने फिरतो, तो वर उचलला जातो आणि उजवा पंख खाली जातो. वेळीच आवरले नाही तर विमान त्या बाजूला कलत जाते.

गाडीवान अशा वेळी कासरा ओढतो. वैमानिक पाय दाबतो. विमानाच्या शेपटीवर एक उभे पाते असते. त्याला रडर म्हणतात. होडीला जसे सुकाणू तसे ते. ते पायाने चालते. उजवे इंजिन गेले तर डावा पाय दाबायचा म्हणजे नाक सरळ येते. म्हणून वैमानिकांना शिकवतात की ज्या बाजूचा पाय रिकामा, त्या बाजूचे इंजिन मेले. गडबडीत घड्याळे वाचता आली नाहीत तरी पाय खोटे बोलत नाही.

दुसरी गोष्ट ताकदीची. निम्मी ताकद गेली म्हणजे ३५ हजार फुटांवर राहणे दोन इंजिनांच्या विमानाला झेपत नाही. त्याला खाली, साधारण २५ हजारांच्या आसपास, दाट हवेत यावे लागते. आणि इथेच आपला ताबेदार गोत्यात आणतो. त्याला तुम्ही सांगून ठेवले आहे, "ही उंची सोडू नकोस." इंजिन गेले हे त्याच्या हिशेबात असेलच असे नाही. उंची कमी होऊ लागली की तो नाक वर करतो. नाक वर केले की वेग कमी होतो. वेग कमी झाला की उंची आणखी सुटू लागते, तो नाक आणखी वर करतो. हुकूम पाळता पाळता तो विमानाला अशा वेगापर्यंत नेऊ शकतो, जिथे पंख विमानाला धरून ठेवू शकत नाहीत.

तर हे आहे आमच्या त्या बालमित्राचे पहिले उत्तर. इंजिन गेल्यावर ऑटोपायलट बहुधा लगेच सुटत नाही. तो धरून ठेवतो. चांगलेही तेच आणि धोक्याचेही तेच.

आता शेतातल्या मोटारीकडे येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बोअरवर ऑटो स्टार्टर बसवला. रात्री-बेरात्री थ्री-फेज लाइन आली की मोटार आपोआप चालू, कोणी उठायला नको. सोबत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर होता. एक फेज गेला की तो मोटार बंद करतो. पण तो वारंवार ट्रिप व्हायचा, ऊस तहानलेला राहायचा. एके दिवशी आम्ही वैतागून तो बाजूला काढून थेट जोडणी केली आणि ओव्हरलोड रिलेही वरच्या आकड्यावर सरकवून ठेवला. दुसऱ्या कोणी नाही, आम्हीच. विजेचा डिप्लोमा घेतलेल्या माणसाने.

जाणकारांना पुढचे सांगायला नको. चालत्या मोटारीचा एक फेज गेला तर मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती चालत राहते. पाणी येत राहते. पाइपाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. पण आत करंट साधारण पावणेदोन पट होतो, वाइंडिंग तापत जाते आणि मग एकदम जळते. त्या रात्री तसेच झाले. सकाळी अप्पांनी एकच विचारले, "अँपिअर मीटर बघितला होतास का?" बघितला नव्हता. पाणी येत होते ना, मग बघायचे कशाला! भर एप्रिलमध्ये मोटार वर काढणे, रिवाइंडिंग आणि पुन्हा खाली सोडणे यात दहा दिवस गेले. उसाची एक पट्टी डोळ्यांदेखत वाळली. अप्पा त्यावर पुढे कधी बोलले नाहीत. ते जास्त लागले.

एक फेज गेला तरी मोटार चालत राहते, तसेच एक इंजिन गेले तरी ऑटोपायलट विमान चालवत राहतो. पाणी येते म्हणजे सगळे ठीक, हा आमचा समज होता. विमान सरळ जाते म्हणजे सगळे ठीक, हा तसाच समज एकदा ४१ हजार फुटांवर झाला.

तारीख १९ फेब्रुवारी १९८५. चायना एअरलाइन्सचे चार इंजिनांचे बोइंग ७४७ तैपेईहून लॉस एंजेलिसला निघाले होते. विमानात २७४ माणसे. दहा तासांचा प्रवास झालेला, अमेरिकेचा किनारा जवळ आलेला. तेव्हा उजवीकडचे अगदी कडेचे, चौथे इंजिन निकामी झाले. अजून तीन इंजिने चालू होती. घाबरण्यासारखे काही नव्हते. वैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर ते इंजिन पुन्हा चालू करण्यात गुंतले. खरे तर तसे करायला आधी ३० हजार फुटांखाली यायला हवे होते. ते वरच राहिले आणि विमान ऑटोपायलटवर राहिले.

त्या काळच्या त्या ऑटोपायलटला रडर चालवता येत नव्हता. त्याच्या हातात फक्त पंखांची पाती होती. विमान उजवीकडे ओढले जात होते आणि तो डावीकडे वळण देत होता. अजून ओढ, अजून वळण. दुसरीकडे उंची धरायची म्हणून नाक वर, वेग कमी. पायाने रडर कोणीही दाबला नव्हता. शेवटी ऑटोपायलट आपल्या मर्यादेला जाऊन टेकला. त्याच सुमारास वेग वाढवायला नाक खाली घ्यावे म्हणून कॅप्टनने ऑटोपायलट काढला.

काढला म्हणजे काय झाले? इतका वेळ त्याने डावीकडे धरून ठेवलेला जोर एका क्षणात सुटला. विमान उजवीकडे उलटले आणि ढगात शिरून खाली कोसळू लागले. ४१ हजार फुटांवरून साडेनऊ हजार फुटांपर्यंत, अडीच मिनिटांच्या आसपास. ढगाच्या बाहेर क्षितिज दिसले तेव्हा कॅप्टनने विमान सावरले. शेपटीचे तुकडे गेले होते, चाकांच्या कप्प्यांची दारे उखडली होती. तरीही विमान सॅन फ्रान्सिस्कोला सुखरूप उतरले. दोघांना गंभीर दुखापत झाली, पण एकही माणूस दगावला नाही. देव बलवत्तर.

अमेरिकेच्या चौकशीत ठपका ठेवला गेला तो बिघडलेल्या इंजिनावर नव्हे. वैमानिकाचे लक्ष बिघाडात गुंतले, विमानाच्या स्थितीची घड्याळे नीट पाहिली गेली नाहीत आणि इंजिन गेल्यावरही ऑटोपायलटवर प्रमाणाबाहेर विसंबून राहणे झाले, असा निष्कर्ष निघाला. आमच्या भाषेत सांगायचे तर अँपिअर मीटर बघितला नव्हता.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऑटोपायलट सुटतो तेव्हा तो रिकाम्या हाताने सुटत नाही. तोवर त्याने उचललेले सगळे ओझे तो एकदम तुमच्या हातात टाकतो. म्हणून त्याला काढण्याआधी त्याने किती ओझे उचलले आहे ते बघून घ्यावे लागते.

तुम्ही म्हणाल, हे चाळीस वर्षांपूर्वीचे झाले. आता काय? आता सुधारणा झाली आहे. बोइंग ७७७ मध्ये एका बाजूची ताकद कमी झाली की रडर आपोआप वळवणारी यंत्रणा आहे. एअरबस ए ३२० सारख्या विमानात ऑटोपायलट चालू असताना रडरचा बराचसा तोल यंत्रच सांभाळते. काही विमानांत तर एका इंजिनावर स्वयंचलित उतरण्याचीही सोय आहे. पण ती सोय वैमानिकाने निवडावी लागते, तपासावी लागते आणि शेवटपर्यंत तिच्यावर नजर ठेवावी लागते. आणि सगळ्याच विमानांत हे सगळे नसते. आजही पुष्कळ विमानांत इंजिन गेल्यावर पायाचे काम पायालाच करावे लागते.

म्हणून वैमानिकांना क्रम पाठ करून घेतात. आधी विमान उडवा, मग कुठे जायचे ते ठरवा, मग बोला. इंजिन गेले की पहिले काम नाक सरळ करणे. मग चालू इंजिनाची ताकद वाढवणे, ऑटोपायलटला नवी उंची आणि नवा वेग सांगणे. नंतर कोणते इंजिन गेले ते दोघांनी मिळून ओळखणे, एकाने बोट ठेवणे, दुसऱ्याने "बरोबर" म्हणणे, आणि मगच ते बंद करणे. हा सराव सिम्युलेटरवर ठराविक काळाने पुन्हा पुन्हा करून घेतला जातो.

"दोघांनी मिळून ओळखणे" यावर एवढा भर का, त्याची गोष्ट आपल्या बीदरच्या माणसाने ऐकलीच पाहिजे. ७ फेब्रुवारी २०२० रोजी बीदरहून बेंगळुरूला प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण नुसते विमान बघायला गेले होते. ते पंख्यांचे, सत्तरेक आसनांचे एटीआर ७२ विमान होते. चांगले, भरवशाचे विमान. लहान गावांना जोडायला जगभर वापरतात.

त्याच जातीचे एक विमान ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून उडाले. ट्रान्सएशिया कंपनीचे, आत ५८ माणसे. उड्डाणानंतर मिनिटभराच्या आतच उजव्या इंजिनाचा इशारा वाजला. एका जोडणीतल्या दोषाने चुकीचा संदेश गेला आणि त्या इंजिनाच्या पंख्याची पाती यंत्रणेने आपोआप हवेला कडेने वळवली. म्हणजे पंखा हवेला अडू नये अशी सोय केली आणि त्याच वेळी डाव्या इंजिनाची ताकदही वाढवली. यंत्राने आपले काम बिनचूक केले होते. ऑटोपायलट चालू होता. विमान चढत होते. एका इंजिनावर ते चढत राहिले असते.

पण कॅप्टनने ऑटोपायलट काढला, विमान आपल्या हातात घेतले आणि घाईत डाव्या, म्हणजे चांगल्या, इंजिनाची ताकद कमी केली. पुढे तेच इंजिन बंद केले. चूक ध्यानात आली तेव्हा उशीर झाला होता. उड्डाणापासून साधारण तीन मिनिटांत विमान एका उड्डाणपुलाला घासून कीलुंग नदीत पडले. ४३ माणसे गेली.

बघा, १९८५ मध्ये माणसाने हात घालायला उशीर केला. २०१५ मध्ये माणसाने न ओळखता हात घातला. दोन्ही वेळा ऑटोपायलट सांगितलेले काम करीत होता. म्हणून "यंत्रावर विश्वास ठेवू नका" असे सांगायला आम्ही उभे नाही आणि "यंत्रावर सोडून द्या" असेही सांगत नाही. यंत्र आत्ता काय करते आहे हे आधी ओळखा आणि मग हात घाला, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या राज्यातली एक आठवण सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए ३२० विमान मुंबईहून बेंगळुरूला येत होते. आपल्याकडे तेव्हा ते विमान नवेकोरे होते. आत १४६ माणसे. उतरताना धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर ते आदळले आणि ९२ जण गेले. इंजिने बिघडली नव्हती. इंजिनाची ताकद आपोआप ठरवणारी यंत्रणा अशा पद्धतीवर लागलेली होती, की तिने दोन्ही इंजिने किमान ताकदीवर ठेवली. वेग कमी होत गेला. कोणाच्या तरी ध्यानात येईल असे यंत्राला वाटत नसते. ध्यानात आले तेव्हा इंजिनांना पुन्हा ताकद पकडायला लागणारे काही सेकंदही उरले नव्हते. इंजिन चांगले असून उपयोग नाही, त्याला कोणता हुकूम दिलेला आहे तेही बघावे लागते. त्या अपघातानंतर सरकारने देशातली सगळी ए ३२० विमाने काही काळ जमिनीवर ठेवली होती.

आता अहमदाबाद. १२ जूनच्या त्या अपघातात विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जीव गेले. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाला, असे जुलैत आलेल्या प्राथमिक अहवालात नोंदले आहे. तो का आणि कसा, याची चौकशी चालू आहे. मंडपात बसून निकाल द्यायचा आपल्याला अधिकार नाही. गेलेले वैमानिकही कोणाचे तरी लेक होते. आम्ही फक्त मुलाच्या प्रश्नापुरते बोलतो. धावपट्टी सोडल्यावर ठरावीक उंची गाठल्याशिवाय ऑटोपायलट लावतच नाहीत. आणि तो लावलेला असला तरी तो ताकद निर्माण करीत नाही. असलेली ताकद तो नीट वापरतो, नसलेली आणणार कुठून?

दोन्ही इंजिने गेली की बहुतेक विमानांत विजेचीही पंचाईत होते, कारण विजेचे जनित्र इंजिनावरच चालते. विमानाच्या पोटातून एक लहान पंखा बाहेर पडतो, वाऱ्यावर फिरतो आणि अगदी गरजेपुरती ताकद देतो. अशा वेळी ऑटोपायलट बहुधा सुटतो. मग उरते ते उंची आणि माणूस. उंची असेल तर वेळ असतो. ३५ हजार फुटांवरचे प्रवासी विमान दोन्ही इंजिनांशिवाय तरंगत तरंगत दीडशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे बीदरच्या डोक्यावरून जवळजवळ हैदराबादला. पण उंची काही शे फूट असेल तर सेकंद उरतात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांचा थवा आदळून दोन्ही इंजिने गेली, तेव्हा कॅप्टनने हाताने विमान हडसन नदीवर उतरवले आणि सगळे १५५ जण वाचले. त्यांच्याकडेही जेमतेम साडेतीन मिनिटे होती.

आणि आपल्या डोक्यावरून उडणारी हॉक विमाने? त्यांना इंजिनच एक. २००८ मध्ये ती बीदरला आली. सूर्यकिरणचे वैमानिक आज त्याच विमानांवर कसरती करतात. तो चमू १९९६ मध्ये बीदरलाच उभा राहिला, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक आहे. एकच इंजिन असल्यामुळे तिथे उजवे-डावे ओढण्याचा प्रश्न नाही. इंजिन गेले की तरंगत धावपट्टी गाठायची, नाही जमले तर मोकळी जागा बघून आसनासह बाहेर पडायचे. वीस-बावीस वर्षांची मुले आपल्या तुरीच्या आणि सोयाबीनच्या शेतांवरून हे सगळे मनात घोकत उडत असतात. आवाजाचा त्रास होतो खरा. पण पुढच्या वेळी आवाज आला की एकदा वर बघून मनातल्या मनात "सांभाळून रे बाळा" म्हणा, एवढीच विनंती.

आता त्या मुलाला शेवटचे उत्तर. बाळ, तुझी ताई ज्या विमानातून येते त्याला दोन इंजिने असतात. एक इंजिन गेले तरी विमान वर चढले पाहिजे, असा कायदाच आहे. उड्डाणानंतर चाके आत घेतल्यावर, एका इंजिनावर, शंभर मीटर पुढे जाताना निदान २.४ मीटर वर चढता आले पाहिजे. हे सिद्ध केल्याशिवाय त्या विमानाला परवानगी मिळत नाही. म्हणजे एक इंजिन गेले म्हणून विमान पडत नाही. ऑटोपायलट विमान धरून ठेवतो, वैमानिकाला विचार करायला उसंत देतो. पण खाली आणण्याचा निर्णय त्याचा नाही. खाली आणतो तो घड्याळाकडे बघणारा, पाय रडरवर ठेवणारा आणि शेजारच्याला विचारून मगच हात घालणारा माणूस. "हो, आणत असेल" हे आमचे त्या दिवशीचे उत्तर चुकीचे होते. ते आज मागे घेतो.

मोठ्यांसाठी एकच वाक्य. आपली घरे, आपल्या संस्था, हे आपले मंडळसुद्धा, पुष्कळदा एक फेज गेलेला असताना चालत असते. कोणी तरी एक जण मुकाट्याने दुप्पट ओझे ओढत असतो आणि बाकीच्यांना पाणी येताना दिसते. घरी गेल्यावर तो कोण आहे ते एकदा बघा. मीटर बघायला दोन मिनिटे लागतात. जळल्यावर दहा दिवस जातात.

आणि हो, आमच्या शेतातला प्रिव्हेंटर पुन्हा जोडलेला आहे. आजही तो ट्रिप होतो. आम्ही उठतो, बॅटरी घेऊन जातो, फेज तपासतो आणि मगच बटण दाबतो.

आरतीची वेळ झाली.

गणपती बाप्पा मोरया!